बुकर मिळालेल्या कादंबऱ्या वाचायच्यात, पण इंग्रजी बेताचं आहे. सुरुवात कुठून करू?

काझुओ इशिगुरोच्या 'द रिमेन्स ऑफ द डे'पासून करा, १९८९ ची विजेती. यादी १९६९ पासून आहे म्हणून पहिल्यापासून ओळीने वाचायला जाऊ नका, दमछाक होईल.

मी स्वतः सलमान रश्दींच्या 'मिडनाइट्स चिल्ड्रन'पासून सुरुवात केली होती, कारण १९८१ चं बुकर तर तिला मिळालंच, वर १९९३ आणि २००८ ला सगळ्या विजेत्यांतली सर्वोत्तम म्हणूनही तीच निवडली गेली. साठेक पानांत थांबले. पाचपाच ओळींची वाक्यं, एकातून दुसरी गोष्ट, डोकं भणाणून गेलं. चार वर्षांनी परत हातात घेतली तेव्हा मात्र सोडवेना, संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात सायकलवरून थेट घुसणारा तिचा नायक सलीम वाचताना तर आपल्याच गल्लीत आहोत असं वाटतं. पुस्तक ग्रेट आहे, फक्त पहिलं नको.

'रिमेन्स'मध्ये स्टीव्हन्स नावाचा बटलर स्वतःची गोष्ट सांगतो. भाषा जरा अदबशीर पण स्वच्छ, डिक्शनरी फार लागत नाही. त्यातला एक प्रसंग सांगते. वर खोलीत त्याचे वडील शेवटच्या घटका मोजतायत, खाली मालकांनी बोलावलेल्या बड्या पाहुण्यांची परिषद चालू, आणि हा ग्लास भरत फिरतोय. मालक त्याला थांबवून विचारतात, अरे तू रडतोयस की काय? तो रुमालाने तोंड पुसतो, माफी मागतो, दिवस दगदगीचा होता म्हणतो. गोष्ट हाच सांगतोय, पण आपण रडत होतो हे स्वतः म्हणतच नाही, ते आपल्याला मालकांच्या तोंडून कळतं! मी तिथे पुस्तक मिटून बराच वेळ नुसती बसले होते.

त्यानंतर अरविंद अडिगाची 'द व्हाइट टायगर' (२००८), चीनच्या पंतप्रधानांना लिहिलेली पत्रं आहेत, भराभर वाचून होते. अगदीच छोटी हवी तर समँथा हार्वेची 'ऑर्बिटल' (२०२४), सहा अंतराळवीर, पृथ्वीवरचा एकच दिवस, त्यात पृथ्वीभोवती १६ फेऱ्या. अरुंधती रॉयची 'द गॉड ऑफ स्मॉल थिंग्ज' (१९९७) मात्र सावकाश वाचा, काळ सारखा मागेपुढे होतो.

अजून एक, गीतांजली श्री (२०२२) आणि बानू मुश्ताक (२०२५) यांना मिळालं ते इंटरनॅशनल बुकर, ते भाषांतरित पुस्तकांसाठीचं वेगळं बक्षीस आहे, त्याचे ५०,००० पौंड लेखक आणि अनुवादकात निम्मे निम्मे वाटले जातात. दोन्ही याद्या एकत्र करू नका.

आणि फक्त विजेत्यांवर अडून राहू नका हो. अनिता देसाई तीनदा शेवटच्या यादीत आल्या, बक्षीस एकदाही नाही, २००६ ला ते त्यांच्या मुलीला, किरण देसाईंना मिळालं. रोहिंटन मिस्त्रींचंही तेच, तीन कादंबऱ्या आणि तिन्ही शेवटच्या यादीपर्यंतच. त्यांची 'अ फाइन बॅलन्स' जाडजूड आहे पण इंग्रजी सोपं, 'रिमेन्स' झाली की ती नक्की घ्या.