दुर्बीण आधी माळ्यावरून खाली काढा

प्रश्न : माझा सोलापुरात चादरींचा कारखाना आहे. मुलगी बारावी झाली, ८८ टक्के. जेईई अॅडव्हान्स्डला नंबर लागला नाही. एक वर्ष लातूरला रिपीटर बॅचला घालायचं, मग आयआयएसटी (अंतराळ विभागाचं इंजिनिअरिंग कॉलेज), मग इस्रो, असं मी ठरवलंय. तिला खगोलशास्त्र हवंय. पण त्यात काही खरं असतं का? २०२५च्या एप्रिलमध्ये दुसऱ्या ग्रहावर जीवसृष्टीची ९९.७ टक्के खात्री म्हणाले, महिन्याभरात शास्त्रज्ञच एकमेकांना खोडायला लागले. हे बोललो तर उलट उत्तर देते, ‘पप्पा, तीन सिग्मा म्हणजे शोध नव्हे.’ शेवटी दुर्बीण माळ्यावर टाकली आणि अभ्यासाशिवाय काही करणार नाही असं तिच्याकडून लिहून घेतलं. (एक पालक)

उत्तर : लिहून घेतलंत? कशासाठी? उद्या तिने ते मोडलं तर कोर्टात जाणार आहात?

गुणांची काळजी मला वाटत नाही, तुमच्या पत्राची वाटते. त्यात ‘मी ठरवलंय’ आहे, ‘घालायचं’ आहे. तिचं स्वतःचं असं एकच वाक्य आहे आणि तेही तुम्ही तक्रार म्हणून लिहिलंय. गंमत अशी की तेवढंच वाक्य बरोबर आहे.

तुम्ही म्हणता ती बातमी के२-१८बी या ग्रहाची, तो आपल्यापासून १२४ प्रकाशवर्षांवर. केंब्रिजच्या निक्कू मधुसूदन यांच्या गटाला जेम्स वेब दुर्बिणीच्या निरीक्षणांत डायमिथाइल सल्फाइड किंवा त्याच्यासारख्याच एका रेणूची खूण दिसली. पृथ्वीवर तो मुख्यतः समुद्रातले सूक्ष्मजीव तयार करतात, म्हणून एवढा गाजावाजा. सिग्मा हे खात्री मोजायचं माप; तीन सिग्मा म्हणजे अशी खूण निव्वळ योगायोगाने उमटण्याची शक्यता ०.३ टक्के. ही टक्केवारी खुणेची आहे, जीवसृष्टीची नाही. शोध म्हणायला पाच सिग्मा लागतात, हे त्या गटानेच सांगितलं होतं. शिवाय हाच रेणू ६७पी या धूमकेतूवरही सापडलाय, तिथे कोण राहतं? पुढे इतरांनी तीच निरीक्षणं वेगळ्या रीतीने तपासली, तेव्हा खूण फिकी पडली. तुम्ही आलेलं सूत न तपासता मागावर चढवता का? मग त्यांनी तपासलं तर ‘खरं नाही’ कसं? विश्वाच्या प्रसरणाचा वेग दर मेगापार्सेकला (म्हणजे सुमारे ३३ लाख प्रकाशवर्षांमागे) सेकंदाला ६७ किलोमीटर की ७३, यावर नामवंत मंडळी कितीतरी वर्षं भांडतायत. त्यांचे पगार त्या भांडणावरच चालतात!

तुमच्या मुलीने बातमी वाचली, आकडा पकडला आणि बापाच्या तोंडावर सांगितला. या विषयाला लागते ती वृत्ती हीच, आणि तुम्ही तिला उद्धटपणा म्हणताय.

बाकी मार्ग थोडक्यात. इस्रो रॉकेटं आणि उपग्रह बांधते, तिथली बहुतेक भरती इंजिनिअरांची. आकाशाचा अभ्यास करायचा तर आयझर आणि नायसर या केंद्राच्या विज्ञानसंस्था आहेत; आयझरसाठी आयएटी ही प्रवेशपरीक्षा, नायसरसाठी नेस्ट. नाहीतर सोलापुरातच बीएस्सी फिजिक्स आणि मग एमएस्सीच्या प्रवेशासाठी आयआयटी जॅम ही परीक्षा. पुढे संशोधनाला पुण्यात आयुका ही खगोलशास्त्राची संस्था आहे, रेडिओ खगोलशास्त्राची एनसीआरए आहे.

पैशाची धास्ती मात्र खरी आहे, ती मी उडवून लावणार नाही. एमएस्सीनंतर पीएचडीची पाच-सहा वर्षं जातात. त्या काळात फेलोशिप मिळते (केंद्राची जेआरएफ, म्हणजे ज्युनियर रिसर्च फेलोशिप, २०२३पासून महिना ३७,००० रुपये), पण कायमच्या जागा थोड्या आणि स्पर्धा जगभरातली. हे तिला स्पष्ट सांगा. प्रचंड डेटा हाताळायला शिकलेली मुलं दुसरीकडेही नोकऱ्या मिळवतात, हेही सांगा. त्यानंतर निर्णय तिचा.

लातूरला तिने स्वतः मागितलं तरच पाठवा. २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, आयुका आणि नारायणगावजवळच्या खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण लोकांसाठी खुली असते. सकाळची हुतात्मा एक्सप्रेस पकडा आणि दोघं आयुकात जाऊन या. प्रश्न तिला विचारू द्या, तुम्ही नुसते शेजारी उभे राहा. पुढचं पत्रही तिलाच लिहू द्या, आणि तुम्ही ते वाचायला मागू नका.