“मॅडम, हे सर्व्हिस शीटला लागतंय का?”

मनाच्या त्रासासाठी माझ्याकडे आलं, तर ते नोकरीच्या नोंदीत चढतं का, हे त्यांनी खुर्चीत टेकायच्या आधीच विचारलं. कपडे साधे, बूट मात्र खात्याचे. सोलापुरातल्या एका ठाण्यातले हवालदार, नोकरी 22 वर्षं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.)

हीच धास्ती घेऊन बरेच पोलीस दारातून परत जातात, म्हणून त्यांना दिलेलं उत्तर इथं लिहिते. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचं 23 वं कलम गोपनीयतेचा हक्क देतं. तुम्ही आपण होऊन आलात, तर मी ठाण्याला कळवत नाही. जिवाला धोका दिसला तर मात्र गप्प बसत नाही. म्हणून ‘जगणं नकोसं वाटतं का’ हे पहिल्याच भेटीत सरळ विचारते. ज्याच्या कमरेला पिस्तूल असतं त्याला तर हमखास.

“तसलं काय नाही. पण पंचनाम्यात तारीख चुकली, मग मुद्देमालाचा नंबर. मेमो आला. मी कामचुकार झालोय का, मॅडम?”

दिवस गड्ड्याच्या, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या यात्रेचे. दिवसभर नंदीध्वजांच्या मिरवणुकीला उभं राहायचं, रात्री ठाण्यात लिखापढी, आणि यात्रा उरकून साप्ताहिक सुट्टी मिळाली तर कोर्टाचं समन्स. मी एक वही दिली, फक्त झोप लिहायला. दहा दिवसांत सलग झोप कधीच चार तासांपुढे गेली नव्हती. सलग 17 तास जागलेल्याचं लक्ष थोडी दारू प्यायल्यासारखं ढिलं पडतं, हे प्रयोगांत दिसलंय, असं सांगितल्यावर ते पहिल्यांदा हसले. “म्हणजे मी रोज ड्रंक अँड ड्राइव्हच की!”

अशा माणसाला सुट्टी मोडून ध्यानाच्या शिबिराला बसवतात आणि वर हजेरी घेतात, याचा मला राग येतो. आम्ही एवढंच केलं: रात्री दोननंतर चहा बंद, घरी आल्यावर मोबाइल बायकोकडे, खिडकीला जाड चादर, आणि सहीआधी तारखा-नंबर दुसऱ्या अंमलदाराकडून वाचून घेणं. साहेबांकडे लागोपाठच्या रात्रपाळ्या तोडून मागायला त्यांना तीन आठवडे लागले. निम्म्या तोडून मिळाल्या.

अपरात्री कोणी नसेल तर 14416 वर टेलि-मानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन आहे, तो नंबर त्यांनी पाकिटात ठेवलाय. परवा आले तेव्हा झोप साडेपाच तासांवर होती. जाताना म्हणाले, “आता आषाढी. पंढरपूरचा बंदोबस्त लागलाय.”

वही सोबत न्या म्हटलं.