सोसायट्यांमधली झाडं छाटण्याचं काम मोठ्या प्रमाणावर करायचं तर आधी कोणतं सामान आणि कोणती गाडी घ्यावी?

तुम्ही लिहिलंय की पुण्यात चार माणसांची टोळी आहे, आजवर कुऱ्हाड-कोयत्यावर भागवलं आणि आता मोठा चेन सॉ आणि सेकंडहँड बूम लिफ्ट (माणसाला बादलीत उभं करून वर नेणारी गाडी) घेण्याचा विचार आहे. पहिल्या वर्षी यातलं एकही घेऊ नका. फांदी कापायला दोन मिनिटं लागतात. ती पार्किंगमधल्या गाड्या, कंपाउंडची भिंत आणि केबलच्या तारा चुकवून खाली आणायची आणि मग आवाराबाहेर हलवायची, यात दिवस जातो. म्हणून पैसे आधी दोरांवर, मग गाडीवर, मग सॉवर घाला. लिफ्ट भाड्याने मिळते.

दोरांमध्ये पहिला नियम असा की चढायचा दोर वेगळा आणि ओंडके उतरवायचा वेगळा. एकदा ओंडक्याचा झटका खाल्लेल्या दोरावर माणूस लटकवायचा नाही. दोन्हींचे रंगच वेगळे घ्या, म्हणजे घाईत अदलाबदल होत नाही. चढायला ११ ते १३ मिमीचा, कमी ताणला जाणारा, ईएन १८९१ टाइप ए (हे युरोपीय मानक) असं लिहिलेला ४५ मीटर दोर पुरतो. तो वरच्या फांदीवरून दुहेरी खाली येतो, त्यामुळे हाताशी साधारण २० मीटर उंची मिळते. बांधकामावरचा पाठीला हुक असलेला सेफ्टी बेल्ट इथे चालत नाही. तो पडल्यावर झेलण्यासाठी असतो, त्यात बसून काम करता येत नाही. मांड्यांना पट्टे आणि पुढे कमरेशी दोर अडकवायची जागा असलेला झाडावरचा हार्नेस घ्या. त्यासोबत आत स्टीलची तार असलेला लॅनयार्ड, म्हणजे कमरेवरून झाडाभोवती घ्यायचा आखूड दोर हवा, कारण सॉ चालू असताना माणूस दोन वेगवेगळ्या ठिकाणी बांधलेला असला पाहिजे. ती तार सॉच्या साखळीला थोडा वेळ थोपवते, पूर्ण अडवत नाही, आणि विजेच्या तारेजवळ ती स्वतःच धोका होते. पायाला बांधायचे लोखंडी काटे फक्त मुळापासून काढायच्या झाडाला वापरा. छाटणीच्या झाडावर त्यांनी पडलेल्या प्रत्येक भोकातून कीड आणि बुरशी आत शिरते.

ओंडके उतरवायला १२ ते १६ मिमीचा, दुहेरी विणीचा पॉलिएस्टर दोर घ्या. हार्डवेअरच्या दुकानात ‘नायलॉन’ म्हणून मिळणारा निळा-पिवळा दोर बहुधा पॉलिप्रॉपिलीनचा असतो. तो १६० अंशांच्या आसपास वितळतो, आणि बुंध्याला वेढे देऊन वजन सोडताना घर्षणाने तेवढी उष्णता सहज होते. उन्हात तो कडक पडतो ते निराळंच. दोराच्या वेष्टनावर तुटण्याची ताकद छापलेली असते. ती ५ टन असेल तर कामाचा भार त्याच्या दहाव्या हिश्शाने, म्हणजे ५०० किलो धरा. गाठीनेच एक-तृतीयांश किंवा त्याहून जास्त ताकद जाते, बाकी झीज आणि झटक्यासाठी राखीव.

आता वजनाचा हिशेब. ओलं लाकूड घनमीटरला ढोबळमानाने एक टन भरतं. ३० सेंमी व्यासाचा मीटरभर तुकडा सुमारे ७० किलो होतो, ४० सेंमीचा सुमारे १२५ किलो. व्यास थोडासाच वाढला, वजन जवळपास दुप्पट झालं. हे आकडे स्थिर वजनाचे आहेत. कप्पी कापाच्या खाली बांधून शेंडा तोडला, की तो तुकडा आधी खाली पडतो आणि मग दोराला लागतो. तिथे वजनाच्या पाच-सहा पट ताण धरूनच चाला. १२५ किलोचा तुकडा असा झेलला तर ५०० किलोची मर्यादा केव्हाच ओलांडली. उपाय साधा आहे: तुकडे आखूड करा, आणि खालच्या माणसाला दोर एकदम न थांबवता हळूहळू आवळायला शिकवा. त्यासाठी बुंध्याला बांधायचं, वेढे घ्यायचं धातूचं नळकांडं मिळतं, त्याला पोर्टारॅप म्हणतात. कप्पी आणि पोर्टारॅप या दोन वस्तू तुमच्या कामाचा वेग कुठल्याही मोठ्या सॉपेक्षा जास्त वाढवतील. गुलमोहरावर मात्र जपून. त्याचं लाकूड ठिसूळ, आणि कप्पीला आधार म्हणून निवडलेली फांदीच मोडू शकते. जाड दिसते म्हणून विश्वास ठेवू नका, सांध्यापाशी ढोली किंवा भेग आहे का बघा.

गाडी. छोटा हत्ती साधारण पाऊण टनाचा, म्हणजे वरच्या हिशेबाने ४० सेंमीचे सहा तुकडे टाकले की भरला. पण छाटणीत खरी अडचण उलटी असते: डाला पाल्याने शिगोशीग भरतो आणि वजन जेमतेम असतं, म्हणून फेऱ्या वाढतात. त्यामुळे सव्वा-दीड टनाची पिकअप घ्या, डाल्याला जाळीच्या उंच बाजू बसवून घ्या आणि फांद्या सगळ्या एका दिशेला, बुंधे केबिनकडे ठेवून रचा. वर चढून आडव्या-उभ्या काप देत दाबल्या की बराच जास्त माल बसतो. (डाल्यात सॉ चालवताना खाली पत्रा आहे हे विसरू नका.)

महिन्यात बरीच कामं यायला लागली की चिपर, म्हणजे फांद्यांचे बारीक तुकडे (चिप) करणारं यंत्र. ट्रॅक्टरच्या पीटीओवर (मागच्या फिरत्या दांड्यावर) चालणारा, ५४० आरपीएमचा चिपर स्वस्त पडतो, पण सोसायटीच्या गेटमधून ट्रॅक्टर आणि चिपर दोन्ही वळवून आत न्यायचे आहेत, म्हणून आधी टेपने गेट मोजा. स्वतःच्या डिझेल इंजिनवरचा, पिकअपमागे ओढायचा चिपर शहरात बरा. फांदी बुंध्याच्या टोकाकडून आत द्यायची आणि बाजूला उभं राहायचं. चिपरजवळ सैल हातमोजे, लोंबता शर्ट आणि मुख्य म्हणजे जमिनीवर पसरलेला दोर नको. पाल्यात अडकून दोर आत गेला तर दुसऱ्या टोकाला माणूस बांधलेला असतो. नारळाच्या झावळ्या यात घालू नका, तंतू रोटरला गुंडाळतात. चिपचा ढीग आतून तापतो, भिंतीला किंवा झाडाच्या बुंध्याला लावून ठेवायचा नाही.

सॉ फार मोठा न घेता दोन घ्या. एक ३० ते ३५ सीसीचा, १२ किंवा १४ इंची पट्टीचा (पट्टी म्हणजे जिच्याभोवती साखळी फिरते ती). दुसरा ५५ ते ६० सीसीचा, १८ किंवा २० इंची. दोन यासाठी की एकाची पट्टी ओंडक्यात आवळली गेली तर तिला सोडवायला दुसरा हवा. वर चढणाऱ्याकडे मात्र बराच वेळ वाकडी जपानी हातकरवतच असावी. मनगटाएवढी फांदी तिने काही सेकंदांत जाते, एक हात झाडावर राहतो आणि पट्टीच्या टोकाने उसळी मारायचा प्रश्नच येत नाही.

सॉ बंद पडण्याचं नेहमीचं कारण पेट्रोल. मिश्रण ५०:१, म्हणजे लिटरला २० मिलि टू-स्ट्रोक ऑइल. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते हवेतलं पाणी ओढतं आणि कार्बुरेटरचा पडदा खराब करतं. लागेल तेवढंच मिश्रण करा, महिन्यापेक्षा जुनं टाकून द्या, आणि मशीन आठवडाभर उभं राहणार असेल तर टाकी रिकामी करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा. साखळीच्या ऑइलची टाकी पेट्रोलच्या प्रत्येक टाकीबरोबर भरायची. पेट्रोल संपलं आणि ऑइल तसंच दिसतंय, तर पट्टीचं भोक भुशाने बुजलंय. जळकं इंजिन ऑइल घालून पैसे वाचत नाहीत, पंप जातो.

धार लावायची गोल कानस साखळीच्या मापाप्रमाणे निवडा: ३/८ इंच लो-प्रोफाइलला ४ मिमी, ०.३२५ इंचाला ४.८ मिमी. कोन ३० अंश, दातापुढचा उंचवटा दातापेक्षा ०.६५ मिमी खाली. चिप्स न पडता पीठ पडू लागलं की धार गेली. सॉ एका बाजूला ओढू लागला तर एका बाजूचे दात लांब राहिलेत. रस्त्याकडेच्या झाडांत जाहिरातींचे खिळे आणि दिव्यांच्या तारा हमखास असतात, तिथे जुनी साखळी लावा. वड, पिंपळ, उंबराचा चीक वाळला की साखळी चिकटते, संध्याकाळीच रॉकेलने पुसा.

हेल्मेट, चेहऱ्यापुढची जाळी, कानाचं संरक्षण आणि सॉ-रोधक पँट यात काटकसर नको. जमिनीवरच्या माणसाला पुढून संरक्षण देणारी टाइप ए चालते, झाडावरच्याला सगळीकडून देणारी टाइप सी लागते. एप्रिल-मेमध्ये ती नकोशी होते हे खरं, म्हणून काम सकाळी लवकर सुरू करा.

लिफ्ट भाड्याने घेताना ‘वर्किंग हाइट’ विचारू नका. त्यात बादलीच्या तळावर माणसाची २ मीटर धरलेली असतात. आडवी पोच विचारा, कारण गाडी झाडाखाली क्वचितच उभी राहते. सोसायटीत पेव्हर ब्लॉकखाली पाण्याची टाकी, चेंबर किंवा बेसमेंटचा स्लॅब आहे का, हे सेक्रेटरींकडून नकाशा घेऊन बघा. मगच आउटरिगर (गाडीला स्थिर ठेवणारे बाजूचे पाय) टेका, आणि प्रत्येकाखाली ६० बाय ६० सेंमीचा जाड लाकडी पाट द्या. हायड्रा क्रेनवर लिहिलेले १२-१४ टन बूम आखडलेला असतानाचे असतात. बूम लांब केला की ते टना-दोन टनांवर येतं. जेसीबीच्या बकेटमध्ये माणूस उभा करून छाटणी करायला कोणी सांगितलं तर ते काम सोडून द्या.

आणि महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ खालच्या परवानगीची प्रत सोसायटीकडून आधीच घेऊन गाडीत ठेवा. त्यात झाडांची संख्या आणि छाटणी की तोड हे लिहिलेलं असतं, तेवढंच करा. विजेची तार फांदीजवळून जात असेल तर महावितरणकडून पुरवठा बंद करून मिळेपर्यंत कोणी वर चढायचं नाही.