एकत्र होणारं एक जेवण आधी धरा

तुमचा प्रश्न असा: दोघंही नोकरीला, मैदा-पाकिटं-पार्सल सोडून घरचं साधं खायचं ठरवतो, पण चार दिवसांत पुन्हा येरे माझ्या मागल्या. दोघांनी मिळून हे हळूहळू कसं जमवावं?

आम्ही भुसावळचे. हे रेल्वेत, ड्युटीच्या वेळा वेड्यावाकड्या. म्हणून दिवसातलं जे जेवण दोघांचं एकत्र होतं, तेवढंच आम्ही आधी बदललं. तुम्हीही तसंच करा. नाश्ता, डबा, चहासोबतची बिस्किटं यांना सध्या हात लावू नका.

त्या जेवणात भाकरी आणा. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या मिश्र पिठाची, असेल तर उत्तमच. आमच्याकडे चार वाट्या ज्वारीला वाटीभर काळे उडीद सालासकट आणि थोडं मीठ घालून दळून आणतात. ज्वारीच्या प्रथिनांत लायसिन हे शरीराला लागणारं अमिनो आम्ल कमी असतं, ते उडदातून भरून निघतं. शिवाय ज्वारीत ग्लुटेन नसल्यामुळे नवख्या हाताची भाकरी तुटते; उडदाच्या चिकटपणाने ती सावरते. ह्यांची भाकरी अजून जळगाव जिल्ह्याच्या नकाशासारखी होते, पण होते! दळण मात्र थोडंथोडं आणा. पीठ जुनं झालं की विरी, म्हणजे पिठाचा चिकटपणा, जाते आणि मग चूक थापणाऱ्याची समजली जाते.

गहू सोडायची काहीच गरज नाही. 100 ग्रॅम ज्वारीत साधारण 10 ग्रॅम तंतू, चक्कीच्या कोंड्यासकट कणकेत 11, आणि मैद्यात 3 सुद्धा नाहीत. भांडण मैद्याशी आहे, पोळीशी नाही.

भाज्यांचं फार अवघड नाही: गिलके (घोसाळी), गंगाफळ (लाल भोपळा), पोकळा, मेथी, जे बाजारात स्वस्त ते घ्या. हिवाळ्यात भरीत आहेच. जळगावच्या भरिताच्या वांग्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, पण त्या भरितावर तेलाचा तवंग आणि सोबत कळण्याच्या पुऱ्या असल्या की सगळा हिशोब बिघडतो. कांद्याची पात आणि दाणे वाढवा, तेल कमी करा, पुरीऐवजी भाकरी घ्या. शेवभाजी सोडा असं मी खान्देशातल्या माणसाला सांगणार नाही. रविवारी खा, पण पावाऐवजी भाकरी कुस्करून.

खरी अडचण स्वयंपाकात नसते, एक जण दुसऱ्यावर पहारा ठेवायला लागतो तिथे असते. आमचा करार असा: घरात काय आणायचं ते दोघांनी ठरवायचं, बाहेर कोणी काय खाल्लं ते विचारायचं नाही. ह्यांच्या स्टेशनवरच्या वडापावाबद्दल मी विचारत नाही, वासावरून कळतंच.

हे अंगवळणी पडल्यावर बिस्किटांच्या जागी फुटाणे, ज्वारीच्या लाह्या, केळी आणा. रावेर-यावल शेजारी असताना केळ्यांना काय तोटा! डाळी, उसळी आणि भाकरी एकदम वाढवलीत तर पोट फुगेल, तेव्हा प्रमाण हळूहळू वाढवा आणि पाणी भरपूर प्या. दोघांपैकी कोणाला मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील, तर आधी डॉक्टरांच्या कानावर घाला.