आधी नाच

प्रिय पोरी,

दोन वर्षांत सोळा स्थळं, आणि प्रत्येक वेळी तुझं एकच पालुपद, ‘क्लिक झालं नाही, मॅडम.’ आता विचारतेस, माझ्यातच काही कमी आहे का? आहे. तालीम कमी आहे.

पॅसिफिकमधल्या मिडवे बेटावरचे लेसन अल्बाट्रॉस हे समुद्रपक्षी तुला शिकवले होते. परीक्षेपुरते लक्षात ठेवलेस, दुसरं काय! पिल्लू एकदा उडालं की पहिली तीन-चार वर्षं समुद्रावरच काढतं. मग जमिनीवर येतं ते नाचायला. चोचीवर चोच आपटायची, मान हलवायची, चोच पंखाखाली खुपसायची, चवड्यांवर उभं राहून आभाळाकडे तोंड करून हंबरायचं. नवशिक्यांचा नाच बघवत नाही. ताल चुकतो, जोडीदार मध्येच निघून जातो. पुढच्या हंगामात पुन्हा तेच. पहिलं अंडं साधारण आठव्या-नवव्या वर्षी. आणि जोडी पक्की झाली की नाच जवळजवळ बंद!

याला प्रेमबिम म्हणू नकोस, निव्वळ व्यवहार आहे. वर्षाला एकच अंडं, तेही दोन महिने पाळीपाळीनं उबवायचं. एक बसतो, दुसरा अन्नासाठी पार उत्तर पॅसिफिकभर हिंडतो. बसलेला कधी दोन-तीन आठवडे उपाशी. गेलेला वेळेत परतला नाही, तर वर्ष वाया. असा जोडीदार एका कॉफीत पारखून होतो? म्हणून म्हणते, आधी नाच. चार वेळा भेट, भांड, त्याच्यासोबत रांगेत उभी राहा. मग खुशाल नाही म्हण.

सव्विसाव्या वर्षी मी एकाला वीस मिनिटांत नकार दिला. तो बशीत ओतून, फुर्र करून चहा प्यायला, एवढ्यावरून. माझ्या संशोधनातल्या खेकड्यांबद्दल मात्र त्यानं नेमके प्रश्न विचारले होते. मला पीएच.डी. पुरी करायची होती, हेही खोटं नाही. एकटी राहिले, मजेत राहिले, उगाच कीव करू नकोस. पण तो नकार तत्त्वाचा होता असं मी तीस वर्षं सांगत आले. तत्त्वाचा नव्हता गं, बशीचा होता. म्हणून पुन्हा सांगते, आधी नाच.

विस्डम आठवते, मिडवेवरची ती अल्बाट्रॉस मादी? 1956 साली पक्षीशास्त्रज्ञ चँडलर रॉबिन्सनी ओळखीसाठी तिच्या पायात कडं घातलं. 2002 मध्ये तीच मादी पुन्हा त्यांच्याच हाती लागली. पुढे तिचा बरीच वर्षं सोबत असलेला नर यायचा थांबला. सत्तरी उलटलेली ही बाई नव्या नरांसमोर पुन्हा नाचायला लागली, आणि 2024 च्या नोव्हेंबरात नव्या जोडीदाराबरोबर तिनं अंडं घातलं.

ती बातमी वाचली त्या दिवशी, घरी कुणी नाही बघून, मी बशीत चहा ओतून प्यायले. जीभ भाजत नाही, खरंच.

रविवारी त्या सोळाव्याला पुन्हा भेटून ये आणि कळव.

तुझी,
मॅडम