माकड आणि मगरीची गोष्ट साडेतीन वर्षांच्या मुलीला कशी सांगावी?
तुम्ही लिहिलंय की गोष्ट संपली तरी मुलगी 'मग काळीज कुठंय?' असंच विचारत राहते. तिचा प्रश्न अगदी रास्त आहे. काळीज शरीराबाहेर काढून ठेवता येत नाही, हे या वयात ठाऊक नसतं. त्यामुळे माकडाची थाप तिला थाप वाटतच नाही. चप्पल दारात राहिली तसं काळीज झाडावर राहिलं, एवढंच.

म्हणून आधी तिला घरभर पळवा आणि तिचा हात तिच्याच छातीवर ठेवा. धडधड लागली की सांगा, 'हे काळीज. ते नेहमी आतच असतं.' आणि लगेच गोष्ट सुरू करा.

सहा-सात मिनिटं पुरेत. पंचतंत्रात 'लब्धप्रणाश' हे चौथं तंत्र याच गोष्टीभोवती रचलंय, मध्ये इतर कथा आणि भरपूर उपदेश आहे. ते सगळं गाळा. रक्तमुख, करालमुख ही नावंही नकोत. माकडदादा आणि मगरोबा म्हणा.

वेळ द्यायचा तो मैत्रीला. माकड जांभूळ टाकतं, मगरोबा 'आऽऽ' करतो, गट्टम्! असं तीनदा करा आणि तिसरं 'गट्टम्' तिला म्हणू द्या. मैत्री घाईत उरकली की पुढचा दगा मनाला लागतच नाही.

मगरीणबाईचा हट्ट मात्र दोनच वाक्यांत आटपा. 'रोज इतकी गोड जांभळं खाणाऱ्याचं काळीज किती गोड असेल! मला तेच हवं.' मूल घाबरेल म्हणून काही जण काळजाऐवजी जांभळांची टोपली मागायला लावतात. मग माकडाला युक्ती करायची गरजच उरत नाही, गोष्टच मोडते. शब्द तेच ठेवा, आवाज लाडिक करा.

मगरोबाने भर पाण्यात खरं सांगितलं की तीन-चार सेकंद गप्प बसा. ती काही सुचवेल, ते ऐकून घ्या. पुढचा तुकडा सुंसुमार जातकातून, म्हणजे बुद्धाच्या पूर्वजन्मांच्या कथांमधल्या याच गोष्टीतून, घ्यावा असं मला वाटतं. तिथलं माकड फळांनी लगडलेल्या उंबराकडे दाखवून सांगतं की आमची काळजं तिथे लटकलीयेत. तुम्हीही खिडकीबाहेर बोट दाखवा. तिचा हात छातीकडे गेला, तर गंमत पोचली. नाही गेला तर समजावत बसू नका, उद्या तीच गोष्ट पुन्हा सांगा.

माकडाने झाडावर उडी मारली की थांबा. मगरोबाला शिक्षा हवी असं ती म्हणाली, तर कोणती ते तिलाच ठरवू द्या.