प्रणाली डाउनलोड होत नसते

प्रश्न : पुण्यातल्या एका शाळेत संगणक शिकवते. सातवीला मोबाईल ॲप आणि ऑपरेटिंग सिस्टीम यांची ओळख करून द्यायची आहे. ॲपला 'प्रणाली' म्हणावं की 'उपयोजन'? आणि ऑपरेटिंग सिस्टीमला?

बाई, ॲपला प्रणाली म्हणणं आधी बंद करा. 'हजेरीसाठी नवीन प्रणाली डाउनलोड करावी' असल्या सूचना वाचून माझं डोकं उठतं. 'उपयोजन'ही नको. मुलांना 'उपयोजित लेखन' म्हणजे पत्र आणि बातमी एवढंच ठाऊक असतं. ॲपला ॲपच म्हणा. ॲप्लिकेशनचं शेपूट तुटून ॲप कसं झालं, अमेरिकन डायलेक्ट सोसायटीने त्याला 2010 या वर्षाचा शब्द कसं ठरवलं, हे कुठेही सापडेल.

खरी गंमत 'प्रणाली'त आहे. संस्कृतात नल म्हणजे पोकळ दांड्याचं, बोरूसारखं गवत. त्या कुळातले नाल, नाली, आपला नळ, नळी. आधी 'प्र' लागला की प्रणाल, प्रणाली : पाणी पुढे नेणारी वाट. गाभाऱ्यातलं अभिषेकाचं पाणी ज्या मगरमुखातून बाहेर पडतं ते मकरप्रणाल. परंपरा, पद्धत हे अर्थ नंतरचे. आणि पेठेतल्या वाड्याच्या पागोळ्यांचं पाणी अंगणातल्या घंगाळात आणून सोडणारी पन्हळ, ती या प्रणालीचीच मराठी लेक!

मी तर म्हणतो पन्हाळगडही याच घरचा. 'पन्नगालय, म्हणजे नागांचं घर' ही व्युत्पत्ती गडावर ऐकवतात आणि शिकलेली माणसंही ती पुस्तकात छापतात. शिलाहार राजांच्या कोरीव लेखांत गडाचं नाव 'प्रणालक' येतं, ते यांनी पाहिलेलं नसतं की पाहून सोडून दिलेलं असतं? नाग रंजक असतात, हे मान्य. पण शब्द रंजकतेवर चालत नाहीत.

तर वर्गात कात्रजचा नळ सांगा. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावाचं पाणी जमिनीखालून शहरात आणलं, वाटेत हौद बांधले. लोक हौदावर पाणी भरत, तलावावर कोणी घागर घेऊन जात नसे. मोबाईलमध्येही तसंच. कॅमेरा हा तलाव आणि ॲप ही घागर. फोटो काढायचा तर ॲपला परस्पर कॅमेऱ्यात हात घालता येत नाही, अँड्रॉइडकडे, म्हणजे फोनच्या ऑपरेटिंग सिस्टीमकडे, मागावं लागतं. मग अँड्रॉइड तुम्हाला विचारतं, 'परवानगी द्यायची का?' मधला हा सगळा नळ म्हणजे प्रणाली. अँड्रॉइडचा गाभा लिनक्सचा, आयफोनचं आयओएस निराळं, म्हणून एकासाठी केलेलं ॲप दुसऱ्यावर जसंच्या तसं चालत नाही. आणि 'माझा फोन अँड्रॉइड नाही, सॅमसंग आहे' असं कोणी म्हणालं, तर हौद बांधणारा (सॅमसंग) वेगळा आणि नळ (अँड्रॉइड) वेगळा, एवढं सांगून पुढे जा. (मला हे वाक्य एका पदवीधराकडून ऐकावं लागलं आहे.)

ऑपरेटिंग सिस्टीमला काहीजण 'परिचालन प्रणाली'चा आग्रह धरतात. परिचालन म्हटलं की मला एसटी आगार आठवतं. 'कार्यप्रणाली' पुरे.

आणि हो, 'तो ॲप' नव्हे, 'ते ॲप'. अनेकवचन 'ॲपं'. 'ॲप्स' लिहिणाऱ्या मुलाचे गुण मात्र कापू नका.